मॉम व्हर्नाने काटा उचलला नाही

व्हर्ना श्लेगलला पोटचं मूल नव्हतं. पण तिला ‘मॉम’ म्हणणारे साठेक घोडे तिच्याबरोबर एका छपराखाली राहत होते, आणि त्यातल्या एकालाही स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

ओक स्ट्रीटवरचं पांढऱ्या खांबांचं ते घर कॉलेजातल्या एका फ्रॅटर्निटीचं. तिथली पोरं एकमेकांना बंधू म्हणवतात आणि दारावर तीन ग्रीक अक्षरं लावतात. ती त्यांना वाचता येतात तेवढंच त्यांचं ग्रीक. चार वर्षं तिथे खाऊन-पिऊन, ओरडून आणि मधूनमधून अभ्यास करून ही मंडळी बाहेर पडतात, आणि पुढे आमच्या कान्सासात वकील, बँकवाले आणि आमदार होतात. तेव्हा तोवर कुणीतरी त्यांना माणसांत बसवण्याजोगं करावं लागतं. त्यासाठी प्रत्येक घरात एक हाऊस मदर असते. बहुतेक वेळा ती एखादी विधवा असते. तळमजल्यावर तिला दोन खोल्या मिळतात. तिने किराणा बघायचा, स्वयंपाक्याशी भांडायचं, पोरांचे टाय बांधून द्यायचे आणि त्यांचं प्रेमभंगाचं रडगाणं ऐकायचं. व्हर्नाचा नवरा वॉल्टर कापणीची यंत्रं दुरुस्त करायचा. तो गेला, घर विकावं लागलं, आणि वर्षभर बघू म्हणून ती इथे आली. केस पांढरे झाले तरी बघतच होती.

तिने पोरांना एक गोष्ट मात्र पक्की शिकवली होती, जेवायला बसायची रीत. संध्याकाळी घंटा झाली की सगळ्यांनी आपापल्या खुर्चीमागे उभं राहायचं. घराचा अध्यक्ष असलेला मुलगा तिला हाताला धरून आणणार, खुर्ची ओढून देणार. ती बसली की बाकीचे बसणार. तिने काटा उचलला की मगच बाकीच्यांनी उचलायचा. त्या वर्षी नव्याने आलेली पोरं पार टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी. बटाट्याचं भांडं त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात चमचाच उरायचा. शहाणी माणसं म्हणतात, हा सगळा जुनाट थाट आहे. असेल. पण ज्या पोराला स्वतःच्या आईने हाक मारलेली ऐकू येत नाही, तो भुकेल्या पोटी एका म्हातारीच्या हाताकडे बघत थांबतो, हे मी पाहिलेलं आहे.

त्या वर्षीचा अध्यक्ष होता ग्रेडी हॅस्केल. उंच, बोलका, हसला की गालाला खळी. व्हर्ना सगळ्यांना सांगायची की माझी माया सगळ्यांवर सारखी आहे. साफ खोटं. ग्रेडी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचा, दुपारी तिच्या खोलीत बसून टीव्हीवरची कोडी सोडवायचा आणि मुद्दाम हरायचा. शरद ऋतूत तो वकिलीच्या कॉलेजात जाणार होता. ही बातमी व्हर्नाने चर्चमध्ये इतक्यांदा सांगितली की पाद्रीबुवाही तिला बघून वाट बदलायला लागले होते.

एप्रिलात पोरांची सहल असते. ओझार्कच्या तळ्यावर एखादं लॉज घ्यायचं, शनिवारी कोट घालून नाचायचं. मैत्रिणी महिनाभर आधीपासून आपापल्या मित्राच्या, सहलीला न्यायच्या बर्फाच्या पेटीवर चित्रं रंगवत बसतात. हाऊस मदरला या सहलीचं आमंत्रण नसतं, आणि ज्या हाऊस मदरला थोडी अक्कल आहे ती ते मागतही नाही.

रविवारी पोरं परत आली ती चक्क दाराशी पाय पुसत. एकाने तिला विचारलं, “मॉम, काही मदत हवी का?” दुसऱ्याने स्वतःची ताटली स्वतः धुतली. व्हर्नाने ओळखलं, काहीतरी नक्की मोडलंय.

सोमवारी फोन आला. लॉजची मालकीण, ओपल टॅकेट.

“तिथे कुणी मोठं माणूस आहे का?” बाईंनी विचारलं.

“मी आहे. हाऊस मदर.”

“बरं झालं बाई. तुमच्या पोरांनी माझ्या गाद्या तळ्यात टाकल्या. त्या तरंगतात का हे बघायचं होतं त्यांना.”

“मग?” व्हर्नाच्या तोंडून गेलं.

“नाही तरंगत.”

व्हर्नाने कपाळावर हात मारला. ओपलबाई पुढे म्हणाल्या, “गाद्यांचं जाऊ द्या हो. गाद्या दुकानात मिळतात. पडवीत झोपाळा होता. माझ्या नवऱ्याने केलेला, अक्रोडाचा. तो शेकोटीत घातला. मी सकाळी गेले तर राखेत नुसत्या साखळ्या.”

“कुणी केलं?”

“विचारलं. म्हणतात, सगळ्यांनी मिळून. सगळ्यांनी मिळून म्हणजे कुणीच नाही, तुम्हाला कळतंय ना.”

व्हर्नाला चांगलंच कळत होतं. वॉल्टरची एक खुर्ची तिच्या खोलीत होती, आणि तिच्यावर साधी पिशवी ठेवली तरी ती पोरांना दटावायची.

बापांनी गाद्यांचे चेक धाडले आणि विषय मिटला असं समजून गोल्फ खेळायला गेले. पण तो मिटला नव्हता. बुधवारी फ्रॅटर्निटीच्या मुख्य कार्यालयातून मिस्टर फेल्प्स नावाचे गृहस्थ आले. निळा कोट, सोनेरी बटणं, आणि प्रत्येक वाक्याआधी एक घोट कॉफी. ते व्हर्नाच्याच बैठकीत बसून ग्रेडीशी आणि इतर पुढाऱ्यांशी बोलले.

“गाद्या हा पोरकटपणा झाला,” फेल्प्स म्हणाले. “झोपाळा जाळणाऱ्याचं मात्र विद्यापीठाला नाव हवंय. एखाद्या नवख्या पोराने डोकं फिरून केलं असेल तर त्याला काढू, बाकीचं घर वाचेल. पण पदाधिकाऱ्यांपैकी कुणी असलं, किंवा नावच आलं नाही, तर घर बंद. शुक्रवारपर्यंत सांगा.”

व्हर्नाने कपात कॉफी ओतली. “घर बंद म्हणजे माझ्या खोल्याही?”

“बंद म्हणजे सगळंच बंद, मिसेस श्लेगल. वाईट वाटतं मला.” त्यांना वाईट वाटलं असेलही. त्यांनी केकचा आणखी एक तुकडा घेतला.

त्या दिवशी पोरांनी दार लावून सभा घेतली. काय ठरलं ते कुणी सांगेना. व्हर्नाला तिच्या त्या खोल्यांखेरीज दुसरं ठिकाण म्हणजे सलायना गावी राहणारी बहीण लोरीन. लोरीनकडे मांजरं होती आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं.

गुरुवारी घंटा झाली. ग्रेडी तिला हाताला धरून घेऊन आला. व्हर्ना बसली आणि तिने उजवीकडे पाहिलं. उजव्या हाताच्या मानाच्या खुर्चीत टोकाचं एक पोरगं बसलं होतं, डेनी कुबिक. त्या वर्षी नव्याने आलेला, गव्हाच्या खेड्यातला, दोन वाक्यांत तीनदा ‘मॅम’ म्हणणारा. बटाट्याचं भांडं सगळ्यांत आधी त्याच्यासमोर आलं. मांसाचा सगळ्यांत मोठा तळलेला तुकडा त्याच्याच ताटलीत होता आणि शेजारचा दांडगा बक त्याच्या पेल्यात चहा ओतत होता. एरवी हाच बक त्याच्याकडून बूट पुसून घ्यायचा.

बळी देण्याआधी बोकडाला माळ घालतात तसा हा प्रकार होता. व्हर्ना काय समजायचं ते समजली.

“डेनी, तो झोपाळा कसला होता रे?”

डेनीने ग्रेडीकडे पाहिलं. “लोखंडी, मॅम.”

टेबलाखालून कुणीतरी त्याला लाथ मारली.

“म्हणजे लाकडी, मॅम. बहुतेक.”

“आणि तू तो जाळलास.”

“हो, मॅम.” डेनीचे कान लाल झाले. “मीच. मॅम.”

व्हर्नाने रुमाल मांडीवर पसरला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि बसून राहिली. काटा ताटलीशेजारी तसाच.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग साठ जणांच्या नजरा हळूहळू त्या काट्यावर गोळा झाल्या. मांसावरच्या पांढऱ्या रस्स्यातून वाफ येत होती, ती थांबली. मग त्याच्यावर साय धरायला लागली.

“मॉम, गार होतंय,” ग्रेडी म्हणाला.

“होऊ दे.”

“आमचं काही चुकलं का?”

“ते तुम्ही मला सांगायचंय.”

स्वयंपाकी लेरॉयने दारातून डोकं काढलं, ताटल्या पाहिल्या, व्हर्नाचं तोंड पाहिलं आणि डोकं परत आत घेतलं. बकने चोरून पावाकडे हात नेला. शेजारच्याने त्याच्या हातावर फटका मारला. कुणाच्या तरी पोटातून मोठा आवाज आला, आणि एरवी ज्यावर आठवडाभर हसले असते त्यावर कुणी हसलं नाही. कोपऱ्यावर बर्गरचं दुकान उघडं होतं. पोरं धडधाकट होती, त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तरी एकही उठला नाही. काहीजण ताटलीत बघत होते, काही छताकडे. व्हर्ना एकेक करून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत गेली.

रस्सा पार गोठला तेव्हा एक खुर्ची मागे सरकली. ग्रेडी उभा राहिला होता.

“मी जाळला,” तो म्हणाला.

“खाली बस, ग्रेडी,” बक पुटपुटला.

“गप रे. मॉम, लाकडं ओली होती. माझी मैत्रीण मार्ली थंडीने काकडत होती. झोपाळ्याची एक साखळी निघालेली दिसली, मला वाटलं मोडकाच आहे. मोठेपणा करायला गेलो.”

“मालकिणीला विचारलंस?”

“नाही.”

“आणि या पोराला पुढे केलंस.”

“नवीन पोरं अंगावर घेतात, मॉम. इथे तशीच पद्धत आहे. पण ते एकच कारण नव्हतं.” ग्रेडीने खुर्चीची पाठ धरली. “मी अध्यक्ष. माझं नाव गेलं तर घर बंद होतंय. तुमच्या खोल्या जातात. तुम्ही जाणार कुठे? डेनीला विचारलं, तो हो म्हणाला. आम्ही तुमचा विचार केला.”

व्हर्नाला इतका राग कधी आला नव्हता. आणि खरं सांगायचं तर रागाच्या आधी क्षणभर तिला मोह झाला. वॉल्टरची खुर्ची, सकाळी ऊन येणारी खिडकी, वरच्या मजल्यावरचा तो धिंगाणा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. फक्त हो म्हणायचं होतं. मग तिची नजर डेनीकडे गेली. तो ताटलीतल्या त्या मोठ्या तुकड्याकडे बघत होता.

“माझं छप्पर वाचवायला या लेकराला विकत होतात,” ती म्हणाली. “माझ्या नावाने. आणि मला विचारलंसुद्धा नाही. उद्या फेल्प्ससाहेबांना तू सांगायचं, ग्रेडी. मी शेजारी बसेन.”

“मॉम, घर...”

“ऐकलं मी. सांगायचं.”

“हो, मॅम.”

मग तिने काटा उचलला. “जेवा आता. लेरॉयने दुपारपासून तळलंय.” साठ पोरांनी गोठलेला रस्सा मुकाट्याने खाल्ला. डेनीने सगळ्यांत जास्त खाल्लं. व्हर्नानेही आपली ताटली संपवली.

व्हायचं ते झालं. मे महिन्यात घर बंद झालं. विद्यापीठाने ग्रेडीला वर्षभर बाहेर बसवलं आणि वकिलीच्या कॉलेजातली त्याची जागा गेली. बकचा बाप स्वतः याच घरातला जुना बंधू; त्याने व्हर्नाला फोन करून सुनावलं, “एका झोपाळ्यापायी तुम्ही पोरांचं घर घालवलंत.” व्हर्नाने त्याला विचारलं, “तुम्ही या घरात होतात तेव्हा तुमच्या वाटचं कुणी भोगलं?” बापाने फोन ठेवला. पोरांनी मिळून ओपलबाईंना नवा झोपाळा करून दिला. पहिल्यांदा तो इतका वाकडा लागला की बसलेला माणूस एका बाजूला घसरत जाई. बाईंनी तो पुन्हा काढायला लावला, पुन्हा लावायला लावला, आणि तिसऱ्या खेपेला पोरांना लिंबाचं सरबत दिलं.

व्हर्नाचं सामान सलायनाला पोचवायला ग्रेडी आपल्या काकाचा छोटा ट्रक घेऊन आला. तो आता काकाच्या पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलत होता. लोरीन दारात मांजर काखेत घेऊन उभी होती.

“हाच का तो जाळपोळवाला?” तिने विचारलं.

“हाच,” व्हर्ना म्हणाली. “ग्रेडी, वॉल्टरची खुर्ची जपून रे. ही जळणाची नाही.”

ग्रेडी लाजला, खुर्ची उचलून माडीवर गेला. खोली लहान होती आणि खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसत होतं. त्याने ते सगळं पाहिलं. खुर्ची हातातच धरून तो म्हणाला, “मॉम, एक विचारू? त्या दिवशी जेवताना तुम्हाला माहीत होतं ना, मीच आहे ते? म्हणूनच थांबलात ना माझ्यासाठी?”

“नव्हतं माहीत.”

“नव्हतं?”

“डेनी नाही एवढंच माहीत होतं. तुमची तोंडं बघत होते ना, तेव्हा मनातल्या मनात देवाला सांगत होते. बक असू दे. तो लाल केसांचा पोरगा असू दे. कुणीही असू दे, फक्त माझा ग्रेडी नको.” तिने चष्मा काढून हातानेच डोळे पुसले. “आणि तू उठलास.”

ग्रेडीने खुर्ची खाली ठेवली. मग तो एवढा थोरला गडी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडला, आणि व्हर्नाने त्याला रडू दिलं.