वरच्या फळीवरचा डबा

इस्त्रीवाल्या मावशींचा उजवा हात पूर्ण वर जायला लागला, ही खरं तर पेढे वाटावेत अशी बातमी. पण ती त्यांनी घरात कुणालाच सांगितली नाही. घरात कुणालाच म्हणजे नवऱ्याला. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, आणि नणंद होती ती फोनवर.

खाली इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या आणि मधे अरुंद जिना, असा त्यांचा संसार. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मावशी इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या त्या कायमच्या. नवरा कपडे आणायचा, घड्या घालायचा, पोचवायचा. त्याची घडी अशी चोख की सगळी गल्ली त्याला घडीमास्तर म्हणे. गिऱ्हाईक कौतुक करायचं ते घडीचं. वाफ तोंडावर घेणाऱ्या बाईला कौतुक कुठलं? मावशींना त्याचं वाईट वाटत नसे. तेवढा वेळच नसे.

मग छातीत गाठ निघाली. उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, किरणांचे शेक झाले. गाठ गेली, पण जाताना अंगातलं सगळं त्राण घेऊन गेली. दात घासले की बसावं लागे. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, काखेतून दोरी ओढून धरल्यासारखा अडकायचा.

मग इस्त्री घडीमास्तरांनी हातात घेतली. पहिल्याच आठवड्यात एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी ठसा उमटवला आणि स्वतःच्या खिशातून नवा शर्ट आणून दिला. पण शिकले. सकाळी उठून चहा टाकायचे, मावशींना अंथरुणात आणून द्यायचे आणि मगच खाली जायचे. आयता चहा जास्त गोड लागतो, हे मावशींना पन्नाशी उलटल्यावर कळलं.

हाताचं काय करायचं ते मात्र कुणी धड सांगेना. डॉक्टर म्हणाले, "हालचाल ठेवा." म्हणजे नक्की काय, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. नणंद फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होती, "वहिनी, चमचासुद्धा उचलू नका हं!" शेवटी मावशी कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत गेल्या. तिथला तरुण दंडाने आडवा असला तरी डोक्याने सरळ होता. "मावशी, हे माझं काम नाही," तो म्हणाला. "तुमचं ऑपरेशन कसलं, औषधं कुठली, मला काय कळतंय? भलतंच काही व्हायचं. यातलं शिकलेलं माणूस गाठा."

ते माणूस सापडलं इस्पितळातच. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला मावशींनी सहज विचारलं, तर ती म्हणाली, "अहो, जिन्यामागे खोली आहे की! कुणी सांगितलं नाही?" इतके महिने मावशी त्याच जिन्यावरून धापा टाकत जात होत्या.

खोलीतल्या फिजिओ मॅडम मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी सगळे कागद वाचले, डॉक्टरांना फोन केला, दोन्ही हात मोजून सूज पाहिली. मग विचारलं, "मावशी, बरं झाल्यावर तुम्हाला काय काय करायचंय?"

मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं, काही नाही. खिडकीत बसायचंय. कुणीतरी केलेला चहा प्यायचाय. पण कॅन्सरमधून उठलेली बाई असं कसं बोलणार? त्यांना लाज वाटली. "इस्त्री," त्या म्हणाल्या.

झालं! पोरीने सगळा अभ्यासक्रमच इस्त्रीचा आखला. आधी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा आणि जिथे पोचेल तिथे पेन्सिलीची रेघ. मग रबरी पट्टा ओढायचा. मग थोडं थोडं चालणं, थकवा असेल त्या दिवशी कमी, पण अगदी बंद नाही. शेवटी तर ती वाळूची पिशवी टेबलावर ठेवून ढकलायला लावायची, अगदी इस्त्री फिरवल्यासारखी. मावशी मनात म्हणत, अगं पोरी, इतकी मरमर कुणासाठी करतेस? पण रेघ चढत गेली. आणि एक दिवस हात कानाला चिकटून सरळ वर गेला. मॅडमने टाळ्या वाजवल्या.

घरी मात्र तो हात खांद्याशीच थांबत होता.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर साखरेचा मोठा डबा असे. मावशी हात उचलायच्या, खांद्याशी आणून "आई गं" म्हणायच्या, की मास्तर धावत येऊन डबा काढून द्यायचे. हल्ली ते त्यासाठी स्टूल घ्यायचे. वय झालं, मावशींना वाटे.

सगळंच सोंग होतं असंही नाही. काही दिवस थकवा असा यायचा की पांघरूण जड वाटे. पण खरा थकवा कुठे संपतो आणि सोंग कुठे सुरू होतं, ते त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं. दुपारी खिडकीत बसलं की खालून टेबलावर इस्त्री आपटल्याचा आवाज यायचा. प्रत्येक आवाजाला मन खायचं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा किती करतात गं तुझं," तर चोराच्या मनात चांदणं, मावशींना तो टोमणाच वाटला. उद्या सांगू, असं त्या रोज ठरवत. रोज उद्या उजाडे आणि हातात आयता चहा येई.

मग मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी काकांना घेऊन या. घरी पट्टा कसा बांधायचा ते दाखवते."

"त्यांना दुकान असतं हो," मावशींनी सांगून पाहिलं.

पण मास्तरांनी भर सकाळी शटर खाली ओढलं आणि कडक शर्ट घालून निघाले. रस्त्याने मावशी मुद्दाम हळू चालत होत्या, आणि तेही तितकेच हळू. पिशवी त्यांनी डाव्या हातात घेतली होती. मावशींचं लक्ष नव्हतं. आता भिंतीपाशी उभं करतील, हात वर करायला सांगतील, मग तोंड कुठे लपवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मॅडमने पट्टा मास्तरांच्या हाती दिला. "काका, त्या वरच्या हुकात अडकवा."

मास्तरांचा उजवा हात उठला आणि खांद्याशी थांबला. त्यांनी हसून पट्टा डाव्या हातात घेतला. पण मॅडमच्या नजरेतून ते सुटायचं नव्हतं.

"काका, इकडे या बरं. भिंतीवर बोटं ठेवा. न्या वर."

मास्तरांची बोटं भिंतीवर चढली. बोटांच्या टोकांवर इस्त्रीचे जुने-नवे चटके होते. खांद्याच्या उंचीवर बोटं अडली. मावशी घरी ज्या उंचीवर रोज थांबत होत्या, नेमकी तीच उंची. मावशींची पेन्सिलीची रेघ तिथून केवढी तरी वर होती. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, पण तोंडातून हूं की चूं नाही. ज्याला खरं दुखतं तो आवाज करत नाही, हे मावशींनी तेव्हा पाहिलं. आपलं "आई गं" आठवून त्यांच्या अंगावर काटा आला.

"कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन महिने," मास्तर पुटपुटले. "हिच्यापाशी बोललो नाही. कळलं असतं तर ही लगेच टेबलाशी उभी राहिली असती. हिचा हात अजून वर जात नाही ना."

मॅडमने चमकून मावशींकडे पाहिलं. मावशींनी जमिनीकडे पाहिलं. पोर शहाणी, ती मास्तरांकडे वळली. डॉक्टरांना खांदा दाखवा, तोवर इस्त्री निम्मी करा, कामाला माणूस मिळतो का बघा, असं तिने मास्तरांना बजावलं. "आणि भिंतीचा व्यायाम मावशी शिकवतील. त्यांना सगळं पाठ आहे," एवढं म्हणून तिने पुढच्या पेशंटला हाक मारली.

म्हणजे मावशी सुटल्या. कुणीही त्यांना पकडलं नव्हतं. येताना रस्ताभर त्या स्वतःला शिव्या घालत होत्या, आणि मास्तर शेजारून विचारत होते, "दमलीस का? बसायचं का जरा?"

घरी आल्यावर मावशींनी त्यांना स्वयंपाकघरातल्या भिंतीपाशी उभं केलं, फळीच्या बाजूला.

"बोटं चालवा. सावकाश. श्वास नका धरू."

"अशी?"

"हां. दुखलं की थांबायचं. पण खरंच दुखलं तर. उगाच थांबायचं नाही."

"उगाच कोण थांबेल?" मास्तर म्हणाले. त्या बिचाऱ्याने सरळ मनाने विचारलं होतं.

तोंडाने सांगणं काही मावशींना जमलं नाही. त्यांनी आपली बोटं मास्तरांच्या बोटांशेजारी ठेवली आणि चालवायला लागल्या. खांद्यापर्यंत आल्या. तिथे थांबल्या नाहीत. हात मास्तरांच्या कपाळाच्या वर गेला, फळीच्याही वर गेला, कानाला टेकून सरळ उभा राहिला.

मास्तर मान वर करून बघत राहिले. कोपऱ्यातल्या स्टुलाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"बरेच दिवस झाले," मावशी म्हणाल्या. रडू त्यांनी तसंच येऊ दिलं. "मला खालीच यायचं नव्हतं हो. मला नुसतं बसायचं होतं."

ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं. मास्तरांनी भिंतीवरचा हात खाली घेतला आणि डाव्या हाताने खांदा चोळला.

"मग साखरेचा डबा तेवढा काढून दे," ते म्हणाले. "चहा मी टाकतो."