नागली, कोंबडी आणि अर्धे विज्ञान

जे आता लिहितो आहे ते माझ्या तोंडून आजवर कोणी ऐकलेले नाही. मुलांनी नाही, सोबतच्या शिक्षकांनी नाही. ज्या एका व्यक्तीला ते सांगायला हवे होते, ती आता नाही. तुम्ही समोर बसला आहात असे धरून सांगतो. मध्ये थांबलो, तर घाई करू नका.

मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवले. चुकीचे उत्तर मला खपत नसे. अर्धवट उत्तर तर त्याहून नाही — अर्धवट उत्तर देणाऱ्याला पूर्ण ठाऊक असते आणि तो लपवतो, असा माझा समज होता. तो समज कशावरून झाला होता, हे पुढे कळेल.

यमुना, माझी पत्नी. आम्ही दोघेही सुरगाण्याकडचे, शेजारशेजारच्या पाड्यांवरचे. पंचवटीत माडीवरच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. हिवाळ्यात नदीकडून गार वारा येई आणि ती रॉकेलच्या स्टोव्हजवळ बसून नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापत असे. परातीत नाही, ओल्या तळहातावर. दोन्ही हातांत ती भाकरी फिरत फिरत मोठी होई. तव्यावर पडली की मातीसारखा, भाजक्या दाण्यासारखा वास खोलीभर पसरे. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवी. वाचत नसे. हे तिला माहीत होते का? असावे.

आमच्या डोंगरात एक रीत आहे. सासरी गेलेली बहीण आजारी पडली, बाळंत झाली, की भाऊ घरची कोंबडी घेऊन जातो. विकतची चालत नाही. बहिणीच्या अंगणात वाढलेली चालत नाही. माहेरची लागते. तिचा रस्सा प्यायली की बहीण उठून बसते, असे म्हणतात.

आता घरमालकीणबाईंविषयी. शुद्ध शाकाहारी घर. खोल्या दाखवताना त्यांनी विचारले, “वर मांसमच्छी शिजणार नाही ना?” एवढेच. ‘शिजणार नाही’ असे उत्तर पुरले असते. मी म्हणालो, “आम्ही खातच नाही.” का म्हणालो? — डोंगरातला म्हणून कोणी पाहू नये, म्हणून. यमुना शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. त्या दिवसापासून तिने मांस सोडले. मी सांगितलेही नव्हते.

नव्वदच्या दशकात तिचे पोटाचे मोठे ऑपरेशन झाले. रक्त फार गेले. घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “भाकरी चांगलीच आहे, पण जखम भरायची आहे. अंडी द्या, कोंबडी द्या.” मी मान हलवली. तिला सांगितले नाही.

काही दिवसांनी तिचा भाऊ लक्ष्मण आला. जिपेतून, पायलीभर नागली आणि फडक्यात गुंडाळलेली कोंबडी घेऊन. जिन्यातच ती ओरडली. खालून मालकीणबाईंचा आवाज आला, “मास्तर, वर कोंबडं आणलंय की काय?”

मी लक्ष्मणला दारातच अडवले.

“परत ने.”

“दाजी, थट्टा करता काय? ताईला हाय ही. घरची हाय.”

“इथे चालत नाही.”

“मंग माझ्या दोस्ताकडं शिजवून डब्यात आणतो. कोणाला काय कळतंय? आन् तुम्ही कधीपासून बामण झाले? आमच्याकडं रस्सा पिऊन वाटी चाटायचे, ते इसरले?”

आतल्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या यमुना हसली. ते हसू मला ऐकू आले. खाली बाईंनाही सारे ऐकू जात असेल, असे मला वाटले. आणि मग — वर्गात बोलतो त्या आवाजात — मी बोललो. म्हणालो, कोंबडीत आहे ते सारे नागलीत आहे. शिवाय नागलीत चुना, म्हणजे कॅल्शियम आहे, हाडांना लागतो तो. कोंबडीच्या मांसात तो नावापुरता. तेव्हा नागली सरस. कोंबडीची गरज नाही. हे विज्ञान आहे.

चुन्याचे खरे होते. बाकीचे मला ठाऊक होते. जखम भरते ती प्रथिनांनी. ती कोंबडीत भाकरीच्या कितीतरी पट असतात आणि शरीराला अधिक सहज लागू पडतात. हा धडा मी दरवर्षी शिकवत होतो. अर्धे सांगितले आणि अर्धे गिळले.

आतून यमुनाच म्हणाली, “ने रे भाऊ परत. ते शिकवतात, त्यांना ठावं. मला भाकरी पुरंल.”

बहिणीने भावाची कोंबडी परत धाडली, हे त्याला आता पाड्यावर जाऊन सांगावे लागणार होते. तो जिना उतरला. नंतरही येत राहिला. नागली आणी, दुसरे काही नाही.

यमुनेला उठायला फार दिवस लागले. भरलेला हंडा तिने पुन्हा कधी उचलला नाही. कोंबडीच्या अभावी असे झाले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणता येत नाही. झाले नाही, असेही म्हणता येत नाही.

पुढे अंबडच्या बाजूला आम्ही स्वतःचे घर बांधले. खाली कोणी मालकीण नव्हती. आता भय कोणाचे होते? कोणाचेच नाही. तरी मी गप्प राहिलो — कारण आता सांगायचे म्हणजे तेव्हाचे सांगावे लागले असते. ती शेजारणींना कौतुकाने सांगे, “आमच्या ह्यांनी सांगितलंय, नागलीत कोंबडीची ताकद.” मी ऐके आणि आत निघून जाई.

दोन हजारनंतरच्या एका वर्षी माझे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. या वेळी डॉक्टरांनी कोंबडी खायला सांगितली ती तिच्यासमोर. तिने लक्ष्मणला फोन केला. तो घरची कोंबडी घेऊन आला. ती त्याने सरळ तिच्या हातात दिली. इतक्या वर्षांनी तिने वाटण वाटले, रस्सा केला, ताट माझ्या खाटेपाशी आणले. स्वतःसाठी भाकरी आणि उडदाची आमटी घेतली.

“तू नाही घेत?” मी विचारले.

“तुम्हाला बरं व्हायचंय,” ती म्हणाली.

तेव्हा सांगता आले असते. ती समोर होती, लक्ष्मण दारात होता. मी सगळा रस्सा प्यालो. कसा झालाय, असे तिने विचारले.

मीठ कमी आहे, असे मी म्हणालो.