गोलात कुणी उभं राहायचं

पेनल्टी अडवली आणि त्या आनंदात मी कॅप्टनला मिठी मारली. चूक माझीच.

उज्जैन. आमच्या मिलचं मैदान. समोर इंदूरच्या मिलची टीम. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं आणि आता सगळं बदललंय असं मला वाटायचं. मला तेव्हा बरंच काही वाटायचं. आम्ही एका गोलनं पुढे होतो, सामना संपत आला होता, तेवढ्यात त्यांना पेनल्टी मिळाली. मी डावीकडे झेपावलो. चेंडू पंजाला लागून बाहेर गेला. कॉर्नर. उठतोय तर समोर वसंतराव. आमचा कॅप्टन, खेळायचा माझ्या पुढ्यातच, बॅकला. बाप जिल्ह्याच्या सुभ्याच्या कचेरीत मोठा कारकून, घरात सोवळंओवळं कडक. तो "शाबास" म्हणाला. मला एवढं पुरलं. पडलो त्याच्या गळ्यात.

तो लाकडासारखा ताठ झाला. मला ढकललं. मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून मैदानाबाहेर चालू लागला. मिलच्या नळाकडे. आम्हाला वाटलं, उलटी होतेय. तो सदरा काढून अंघोळीला बसला होता.

रेफ्रीनं थोडी वाट पाहिली, मग शिट्टी मारली. कॉर्नर आला, वसंतरावाची जागा मोकळी, गोल. तो डोक्यावर पाणी ओतत होता तोवर दुसरा गोल. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा तो परत आला. केस निथळत होते. जानवं छातीला चिकटलेलं.

"तुला गोल वाचवायला ठेवलाय, गले पडायला नाही," तो म्हणाला. "अपनी जगह मालूम है ना?"

मिलचा मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "मैच तूने हरवा दिया. माफी माँग."

मी मागितली. हात जोडून. अंघोळ त्यानं केली, गोल त्याच्या जागेवरून झाले, माफी मी मागितली. आणि नुसती तोंडदेखली नाही. घरी जाताना मला खरंच वाटत होतं की टीमला मी बुडवलं. मिठी मारली नसती तर जिंकलो असतो. हिशोब बरोबरच होता. असल्या हिशोबात मी पहिल्यापासून हुशार.

आमचे लोक शिंदे सरकारच्या घोडदळामागून माळव्यात आले. खोगिरं शिवायला. घोडदळ गेलं, खोगिरं गेली, चामडं हातात राहिलं. मिलचे फुटबॉल बाबाच शिवायचे. उसवलेला चेंडू आमच्या ओट्यावर यायचा, बाबा दोऱ्याला मेण लावायचे, टाके घालायचे. तोच चेंडू वसंतराव डोक्यावर घ्यायचा. ते चालायचं.

मी मिलमध्ये लागलो तो फॉरवर्ड म्हणून. निदान मला तसं वाटत होतं. धावायचो चांगला. पहिल्याच सरावाला वसंतरावानं मला बाजूला घेतलं. "तेरे हाथ बड़े हैं. गोल में खड़ा रह." मी खूश. कुणीतरी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं, याचंच कौतुक. गोलकीपर एका कोपऱ्यात असतो, त्याच्याशी कुणाला खांद्याला खांदा लावून धावावं लागत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पुढे मिलनं मला खात्यात नावापुरतं ठेवलं, पगार गोलाचा. मी वस्तीत छाती काढून फिरायचो.

मग एका सामन्यात मनगट मोडलं. नीट बसलं नाही. मिलनं मला पोरांना शिकवायला ठेवलं, आणि मिलमालकांच्या नात्यातल्या एका शेठला युगांडात कोच हवा होता म्हणून तिकडे पाठवलं. त्यांचं तिकडे कापसाचं जिनिंग होतं. बोटीवर एका गृहस्थानं जात विचारली. मी "गोलकीपर" म्हणालो. त्यानं मान डोलवली. मला वाटलं, जिंकलो.

तिकडे मी मास्टरजी झालो. खुर्ची मिळाली. शेठच्या ओळखीच्या दुकानदारांची पोरं आणि जिनिंगमधले तिथलेच कामगार, अशी टीम. त्या कामगारांत मुसोके होता. सरकी वाहायचा, शेठच्या घरची हिंदी बोलायचा. तो चेंडू घेऊन निघाला की समोरचे चार जण नुसते बघत राहायचे. असा फॉरवर्ड मी उज्जैनला पाहिला नव्हता, इंदूरलाही नाही.

शेठनं मला बोलावलं. "मास्टरजी, इन लोगों को पीछे रखो. अपने लड़कों से बदन नहीं टकराना चाहिए."

मी "जी" म्हणालो. मैदानावर गेलो. मुसोकेला बाजूला घेतलं.

"तुम्हारे हाथ बड़े हैं," मी म्हणालो. "गोल में खड़े रहो."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं. माझ्याच आवाजात. इतकी वर्षं ज्याला शाबासकी समजत होतो ते हे होतं.

मुसोकेनं स्वतःचे हात पाहिले. मग माझे पाहिले, त्यातलं ते वाकडं मनगटही.

"आपके भी बड़े थे, मास्टरजी?"

त्याला सगळं कळलं होतं. मी काय करायला हवं होतं? मी शिट्टी वाजवली. सराव सुरू केला. करार संपेपर्यंत तो गोलात उभा राहिला आणि मी त्याला झेप कशी घ्यायची ते शिकवत राहिलो. मन लावून शिकवलं, हे तर त्याहून वाईट. बाकीचं मी करारावर, शेठवर, परक्या देशावर ढकललं. आज ढकलत नाही. मी वसंतराव झालो होतो. फक्त अंघोळ करायची राहिली.

परत आलो तेव्हा मध्य भारत राज्य संपलं होतं. मध्य प्रदेश झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या. वसंतराव फुटबॉल कमिटीवर होता, पोट सुटलं होतं. त्यानं मला बोलावून घेतलं, समोर बसवलं, चहासुद्धा मागवला.

"शहराची टीम तुझ्याकडे देतो," तो म्हणाला. "तुमच्या वस्तीतली दोन पोरं पण घे, वर दाखवायला बरं. एक गोलात, एक राखीव. पुढं आपली मुलं. समझ रहे हो ना?"

समजत होतं. वस्तीतला एक पोरगा डाव्या पायाचा, पुढे खेळण्यासाठीच जन्मलेला.

"कोण कुठं उभं राहणार ते मी ठरवीन," मी म्हणालो. "आणि ते पाय बघून ठरवीन. नाहीतर कोच दुसरा बघा."

"बाहर जाऊन हवा भरून आलास काय रे?"

मी उठलो. चहा तसाच ठेवला.

आता वस्तीमागच्या माळावर टीम उभी करतोय. कुणाचं अंग कुणाला लागेल म्हणून तिथं जागा ठरणार नाही. ज्याला ते चालत नसेल त्यानं येऊ नये. अकरा जमले नाहीत तर सात घेऊन खेळू. कमिटी सामने देणार नसेल तर तिच्या दारात खेळू. माफी मात्र मी पुन्हा मागणार नाही. मागायचीच झाली तर ती एकाच माणसाची, आणि तो इथं नाही.

हे सगळं मी बायकोला ऐकवलं. उभं राहून, हातवारे करत. ती तांदूळ निवडत होती. मुसोकेची गोष्ट मी तिला पूर्वीच सांगितली होती, बोटीच्या गमतींमध्ये घालून. तिनं सूप खाली ठेवलं.

"हे त्या शेठला बोलायचं होतं," ती म्हणाली. "तिथं शेपूट घातलीत, आणि इथं मला मर्दुमकी सांगताय."