खिडकीतली कपबशी

मी कॅन्सरच्या दवाखान्यात किरणोपचाराचं मशीन चालवते. पेशंट पहिल्यांदा टेबलावर झोपला की विचारतोच, ह्याच्या आत काय असतं? माझं उत्तर ठरलेलं होतं. "घरी मायक्रोवेव्ह आहे ना? त्यात लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन असतो, तोच इथे आहे. फक्त इथला पैलवान आहे." पेशंट हसायचे, अंग सैल सोडायचे, माझं काम लवकर आटपायचं.

अक्का, माझी थोरली बहीण, छातीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर आमच्याकडेच किरण घ्यायला आली. तिलाही मी हेच ऐकवलं. ती हसली नाही. "हौ," म्हणाली आणि छताकडे बघत राहिली. बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती. मी बाहेर येऊन दार लावून घेतलं.

पुढे ती सुनेबरोबर हैद्राबादेतल्याच गौलीगुड्याहून ऑटोने नेमाने येत राहिली. कातडी काळवंडली, तशी बऱ्याच जणांची काळवंडते. मी मलम दिलं. तिने काही विचारलं नाही, मीही नाही.

एका रविवारी दुपारी तिच्या घरी गेले. सून चहा ठेवत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजांना टेकून, एक कपबशी, एक ताटली आणि एक पेला पालथा होता.

"हे कुणाचं?"

"सासूबाईंचं. त्यांनीच वेगळं काढलंय, मावशी. घासतातही स्वतःच. पोरीला जवळ घेत नाहीत."

आमच्या वडिलांच्या गावात, मराठवाड्यात, हॉटेलवाला आमच्या लोकांची कपबशी वळचणीला खोचून ठेवायचा. चहा पिऊन झाला की आपली आपण विसळायची. हैद्राबादला नोकरी लागल्यावर वडिलांनी घरात एकच नियम केला: ह्या घरात कुठलाही कप कुणा एकाचा नाही. त्या नियमात आम्ही दोघी वाढलो.

अक्का बाहेर दिवाणावर बसली होती. नात दारातच खेळत होती.

"हे काय चालवलंयस?" मी विचारलं.

"ओव्हनमधनं काढलेली वाटी किती वेळ चटके देते, ठाऊक नाही का तुला? मला तर रोज आत घालतीस. अंग भाजलेलं दिसतंय की. पोरीला कायकू बाधा?"

"असं कुणी सांगितलं तुला?"

"तूच."

मग नीट सांगितलं. मॅग्नेट्रॉनच्या त्या लहरी मशीनमधल्या तांब्याच्या नळीतच राहतात, तुझ्यापर्यंत येत नाहीत. त्यांचं काम एवढंच, की इलेक्ट्रॉनला ढकलत ढकलत प्रचंड वेग द्यायचा. ते धातूच्या तुकड्यावर आदळतात, तिथून क्ष-किरण निघतात आणि गाठीच्या जागी जातात. कातडी त्यांनी काळवंडते. मशीन बंद झालं की किरण संपले. अंगात मागे काही उरत नाही, दुसऱ्याला लागत नाही. हे सगळं चहाला उकळी येईपर्यंत सांगून झालं.

"मग पहिल्या दिवशीच का नाही बोललीस?"

"बाहेर गर्दी होती."

"मला वाटलं, तू हसून सांगतीस म्हणजे नक्कीच वाईट असंल." तिने पदर सारखा केला. "उद्यापासून येणारच नव्हते. जेवढी राहीन तेवढी पोरीला मांडीवर घेऊन राहीन म्हटलं."

मी खिडकीतली कपबशी आणून सुनेपुढे धरली. "मला ह्यात दे."

"ते माझं आहे," अक्का म्हणाली.

"ह्या घरात कप कुणाचा नसतो."

 अक्काने नातीला हाक मारली. पोरगी आधी आईकडे बघू लागली. तिला आता आजीजवळ जायची सवय राहिली नव्हती. 

सोमवारी अक्का आली. तिच्या आधी एक नवीन पेशंट होता, रिटायर झालेला धिप्पाड माणूस. टेबलावर झोपून त्याने विचारलं, "मॅडम, ह्याच्यात असतं काय?" वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि तांब्याच्या नळीपासून सुरुवात केली. बाहेरचे खोळंबले. आजवर त्या वाक्याला हसून गेलेल्यांपैकी कुणाच्याही घरची खिडकी मी पाहिलेली नाही.