ताईची बोटं

खटपट्याला बटन दिसलं की दाबल्याशिवाय राहवत नसे. खरं नाव वेगळं, पण लहानपणी घरातला रेडिओ उघडून त्याने तो कायमचा गप्प केला, तेव्हापासून ताई त्याला खटपट्याच म्हणायची. आता वय बावन्न, नोकरी लिफ्ट दुरुस्तीची, डोक्यावर मोजके केस, तरी ते नाव काही सुटलं नाही.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं टायपिंग केलेली बाई. एक्स-रेच्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि घरबसल्या लॅपटॉपवर उतरवायचे, हे तिचं काम. डॉक्टर बोलायला भरभर, पण त्यांचं वाक्य संपेपर्यंत हिचंही संपलेलं. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "मी कुठे करते? बोटं करतात. मी आपली सोबतीला बसते."

लॅपटॉप नऊ वर्षांचा. त्याच्या पडद्यावर रोज एक चौकट उगवायची: नवी ऑपरेटिंग सिस्टीम तयार आहे, आत्ता घ्यायची का? ताई रोज 'नंतर' दाबायची. चालतंय ना नीट, मग कशाला त्याच्या वाटेला जायचं? पण एका रविवारी हा तिच्याकडे आलेला असताना ती भाजी आणायला खाली उतरली आणि हा तिच्या खुर्चीत बसला. चौकट उगवली. आता याने काय केलं असेल, हे मी सांगायला हवं का?

ताई आली, जेवणं झाली, तरी पडद्यावर टक्केच फिरत होते. दुपार कलल्यावर सगळं नवंकोरं होऊन समोर आलं. "बघ, फुकटात नवा करून दिला," हा म्हणाला. ताई एवढंच म्हणाली, "विचारायचंस तरी."

नव्या सिस्टीमची भूक मोठी आणि जुन्या लॅपटॉपची मेमरी इवलीशी. आतली फिरती डिस्क दिवसभर घरघरायला लागली. ताई शब्द मारायची, पडदा जागच्या जागी थिजायचा आणि मग अक्षरं एकदम भसाभस यायची. मधलं एखादं गळायचंसुद्धा. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काय रे, हे हळू झालंय का?"

त्याला सगळं ठाऊक होतं. दहा दिवसांच्या आत एक बटन दाबून जुन्या सिस्टीमवर परत जाता येतं, हेही त्याने वाचलं होतं. पण मग 'माझं चुकलं' म्हणावं लागलं असतं. हसत म्हणाला, "मशीन झकास आहे गं. तुझी बोटं साठीची झाली."

ताईही हसली. हसली, पण तिने ते मनाला लावून घेतलं. त्याला हे कळलं नाही, की कळून त्याने कानाडोळा केला, देव जाणे. अकराव्या दिवशी तिच्याकडे जेवायला गेला तेव्हा हळूच सेटिंगमध्ये डोकावला. मागे जायचं बटन नाहीसं झालं होतं. तो जेवला आणि घरी गेला.

चार महिन्यांनी असाच एका रविवारी सकाळी तो गेला, तर ताई टेबलापाशी दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसलेली. शेजारी घडी घातलेला कागद.

"दुखतायत?" त्याने विचारलं.

"नाही रे. सरावाआधी शेकते. रोज टायपिंगच्या पहिल्या धड्यापासून टेबलावरच बोटं चालवून बघते. तिथे चालतात आणि कामाला बसलं की अडखळतात." मग कागदाकडे बघून म्हणाली, "परवा पन्नास मिलिमीटरची गाठ मी पाच लिहिली. शून्य गळलं. तिसऱ्यांदा तपासलं म्हणून दिसलं. डॉक्टर भले, रिपोर्ट रखडले तरी बोलत नाहीत. मीच दर खेपेला माफी मागते. आता नको. उद्या ही चिठ्ठी देते आणि काम सोडते."

खटपट्याने लॅपटॉपकडे बघितलं. सांगून टाकायची वेळ होती ती. पण तोंडातून निघालं काय, तर "लॅपटॉप दे, धूळ काढून आणतो."

धूळ म्हणे. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे त्याने जुनी डिस्क काढून नवी, न फिरणारी बसवून घेतली आणि मेमरी दुप्पट केली. "असल्या डिस्कवर नवी सिस्टीम टाकली कुणी?" दुरुस्तीवाल्याने विचारलं. "असेल कुणीतरी," हा स्टुलावर बसून म्हणाला. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

संध्याकाळी ताई कामाला बसली. अक्षरं बोटांखालून पळायला लागली. डॉक्टरांच्या मागे तिचं वाक्य संपलं, पुढचं संपलं, रिपोर्ट संपला. निभावलं, असं याच्या मनात येतंय तोवर तिने हेडफोन काढले आणि हात उलटेपालटे करून बघितले.

"शेकल्याने गुण आला वाटतं. पण आज चालली म्हणून उद्या चालतील कशावरून? एकदा भरवसा उडाला तो उडाला. चिठ्ठी देतेच."

डिस्क बदलून झाली होती, पण त्याचं ते वाक्य ताईच्या बोटांत तसंच बसलं होतं. तिथे कुणी दुरुस्तीवाला पोचणार नव्हता.

"ताई, तुझी बोटं कधी बिघडलीच नव्हती," तो म्हणाला आणि मान खाली घालून सगळं ओकला. तो रविवार, तो फोन, दहा दिवस, अकरावा दिवस.

"आणि आजची धूळ?"

"धूळ नव्हती."

ताईने हेडफोनची वायर गुंडाळून बाजूला ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अकराव्या दिवशी तू इथे जेवलास," ती म्हणाली. "दोनदा वाढून घेतलंस. माझ्याच्याने आता होत नाही म्हटलं, तर 'वय आहे, ताई' म्हणालास."

"हो."

ती खुर्चीवरून उठली. "बस इथे. डॉक्टरांना लिही, रिपोर्ट का रखडले ते. चार महिने मी माफी मागितली, आता तू माग."

तो बसला. ताईने चिठ्ठी उचलली, आणखी एक घडी घातली आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.

ग्रीसने काळवंडलेल्या दोन बोटांनी तो एकेक अक्षर शोधत राहिला. मशीन आता कुठेच थांबत नव्हतं, थांबत होता तो. शेवटी एक ओळ झाली: 'ही चुक माझी आहे, माझ्या बहिणीच्या बोटांची नाही.'

ताईने मागून वाकून वाचलं.

"'चूक'मधला चू दीर्घ," ती म्हणाली. "तुझीच आहे ना? मग नीट लिही."