माझ्या नावानं दिलेलं ‘नाही’

पिस्तुलाशी माझा संबंध म्हणाल तर दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपुरता. त्यामुळे अमेरिकेतल्या कुठल्याशा पोलीस खात्याची मेल आली तेव्हा कुणीतरी गंडवतंय असं समजून मी ती पुसूनच टाकणार होते. पण आत माझ्या नवऱ्याच्या कॉलेजातल्या मित्राचं नाव दिसलं.

हे भावजी आणि त्यांची बायको पूर्वी इथे जपानात, निशी-कसाईत आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचे. पुढे अमेरिकेला गेले आणि तिथलेच नागरिक झाले. तिकडे कपड्याखाली पिस्तूल बाळगायचा परवाना एका राज्यानं दिला तरी तो शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही, हे नवऱ्यानं मला समजावलं. राहतात त्या राज्याचा परवाना भावजींकडे होता. आता कामासाठी सारखं शेजारच्या राज्यात जावं लागतं, म्हणून बाहेरच्या रहिवाशांना मिळणारा तिथला परवानाही त्यांना हवा होता. त्यासाठी नात्यात नसलेल्या, पण माणसाला नीट ओळखणाऱ्या लोकांना तिथले पोलीस प्रश्न विचारतात. भावजींनी आम्हा दोघांची नावं दिली होती. नुसती फॉर्मॅलिटी आहे, पाच मिनिटांचं काम, असं म्हणून नवरा भेंडी चिरायला लागला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फॉर्म उघडला. किती वर्षं ओळखता, दारू पितात का, चटकन चिडतात का. सहावा प्रश्न असा होता की या माणसानं घरातल्या कुणावर कधी हात उचलला आहे का. खाली दोन चौकोन, हो आणि नाही. माझा डबा तसाच राहिला.

ते वरच्या मजल्यावर राहायचे तेव्हा एका नोव्हेंबरच्या दुपारी भावजींची बायको आमच्या दारात उभी होती. ओठ फाटलेला, कानातून रक्त, आणि पायात संडासातल्या चपला. जपानी घरात त्या चपला संडासाचा उंबरठासुद्धा ओलांडत नाहीत. ती आत कडी लावून बसली होती आणि संधी मिळताच तशीच जिना उतरून आली होती. चार दिवस ती माझ्याकडे राहिली. वॉर्ड ऑफिसात अशा बायकांसाठी खिडकी असते, तिथे तिला घेऊन जाते असं मी म्हटलं, तर नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. तो म्हणाला, तक्रार झाली तर भावजींची नोकरी जाईल, व्हिसा जाईल, तीच रस्त्यावर येईल. मी ऐकलं. पाचव्या दिवशी भावजी केकचा खोका घेऊन आले आणि ती त्यांच्यामागून वर गेली. मग सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. पुढच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आरतीचं तबक भावजींच्याच हातात होतं, आणि ती बिचारी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात शेजारी टाळ्या वाजवत होती.

त्याच्याही आधी, जपानात आलो तेव्हा, आम्ही त्सुकुबात होतो. शेजारचे आजोबा रानडुकरांच्या शिकारीला जायचे. त्यांच्या बंदुकीच्या परवान्याची मुदत संपत आली की पोलीस आजूबाजूला चौकशी करायचे. एकदा पोलीस माझ्या दारात आला. आजोबांच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो का, त्यांचं बायकोशी पटतं का, असं त्यानं विचारलं. सहा महिन्यांच्या मोडक्या जपानीत मी सांगितलं की टीव्ही फार मोठा लावतात. त्यानं तेसुद्धा वहीत लिहून घेतलं. आजोबांना ते कळलं तेव्हा ते हसले आणि मला शेतातले दोन मुळे देऊन गेले. बंदूक बाळगणाऱ्या माणसाबद्दल शेजारणीनं काय सांगितलं याला किती किंमत असते, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून गुरुवारी जेवताना मी सांगून टाकलं की सहाव्या प्रश्नाला मी ‘हो’ लिहिणार आहे. शनिवारी शांतपणे बसून, इंग्रजी नीट जुळवून, चपलांसकट सगळं. नवरा काही बोलला नाही. त्यानं आणखी थोडं ताक मागितलं. वीस वर्षं संसार केलेली मी बाई, त्या गप्प बसण्याला होकार समजले! मूर्ख कुठली.

शनिवारी सकाळी फॉर्म उघडला तर समोर एकच ओळ. तुमची उत्तरं मिळाली, आभारी आहोत.

नवरा दारापाशी कचऱ्यात द्यायचे पुठ्ठे दोरीनं बांधत होता. मी फोन त्याच्यापुढे धरला. गाठ मारता मारताच तो म्हणाला, “मी भरला. सहाव्याला ‘नाही’ लिहिलं.”

माझा पासवर्ड त्याला ठाऊक होताच. व्हिसा, टॅक्स, शाळा, सगळे अर्ज माझ्या नावानं तोच भरत आला होता, आणि केवढा सांभाळून घेणारा नवरा म्हणून मी मैत्रिणींत मिरवत होते. तो म्हणे, जुनी गोष्ट आहे, माणूस बदलतो, जपानातली पहिली नोकरी मला त्यानंच मिळवून दिली. वर म्हणतो, मी काही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि त्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर परत नेऊन दिल्या कुणी? यानंच! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. यानं केसानं गळा कापला.

त्याच दिवशी मी त्या पोलिसांना लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. दोन आठवडे मी फक्त नवऱ्याशी अबोला धरला, भांडी आपटली, आणि आपला किती विश्वासघात झाला हेच उगाळत बसले.

मग एका सकाळी सायकलवरून कामाला जाताना भावजींच्या बायकोचा फोन आला. स्टेशनजवळ उतरून मी घेतला. तिकडे संध्याकाळ होती आणि ती दुकानाबाहेर गाडीत बसून बोलत होती.

“ताई, यांचा परवाना आला,” ती म्हणाली. “तुझं नाव मीच सुचवलं होतं. यांना म्हटलं, ताई चांगलंच बोलेल. यांना पटलं. मला वाटलं होतं, तू तरी ‘हो’ लिहिशील.”

ते उत्तर माझं नव्हतं, हे मी तिला सांगितलं. कुणी लिहिलं आणि मला कधी कळलं, तेही सांगितलं. ती जराही चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“मग कळल्यावर तू काय केलंस?”

लोक माझ्या सायकलला वळसा घालून स्टेशनात जात होते. काही नाही, मी म्हटलं. मग विचारलं, आता लिहू का? तुला त्रास होईल का?  ती “लिही” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

कामावर येत नाही असं कळवून मी घरी परतले. आधी पासवर्ड बदलला, मग लिहायला बसले.