रेकॉर्डमधली हलगी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरानं छप्पन्न साली दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले... जिथं देवांना जागा उरली नाही, तिथं भुतांना कोण ठेवून घेणार? तरी हे सांगतोय, कारण मनावरचं ओझं उतरत नाही.

आम्ही मूळचे परतूर तालुक्यातल्या आष्टीचे. दीक्षेच्या आधी आमचे वडील, आबा, गावकीची हलगी वाजवायचे – लोकांच्या लग्नात, मयतीत, दाराबाहेर उभं राहून. दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी हलगी चुलीत घातली. मी लहान होतो, पण कातडं जळाल्याचा वास अजून आठवतो. त्यानंतर आमच्या घरात ताटावरसुद्धा कुणी ठेका धरायचा नाही.

धाकटा भाऊ मिलिंद दीक्षेनंतरचा. आबांची हलगी त्यानं ऐकलेलीच नाही. तो मुंबईला गेला आणि एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवू लागला. आबा एवढंच म्हणाले, "कोनाच्या दारात उभं राहून तर न्हाई ना वाजवत? मंग वाजव."

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. मी जालन्यात मास्तर, मस्तगडला भाड्याची खोली; आबाही माझ्याकडंच राहायचे. मिलिंद बँडची पहिली एल.पी. घेऊन आला. आधी ही पोरं इंग्रजी गाण्यांची नक्कल करायची. या रेकॉर्डवर आवाज पार बदललेला – संथ, जड, गिटार तर पिठाच्या गिरणीसारखी. शेजारी हसून गेले. आबा मात्र भर दुपारी प्लेअरपुढं मांडी घालून, डोळे मिटून बसले.

शेवटच्या गाण्याला त्यांनी डोळे उघडले.

"हलगी कोन वाजवून राह्यलं?"

"हलगी न्हाई आबा, माझे ड्रम हायेत."

पण मलाही ऐकू येत होती. गिटारच्या मागं, तापवून कडक केलेली हलगी. आबांच्या डाव्या हाताचं एक बोट मोडकं. त्यामुळे त्या हातातली बारीक काडी नेहमी किंचित उशिरा पडायची. इथंही तशीच पडत होती.

मिलिंदनं सुई मागं नेली. आता हलगी पुढं, गिटार मागं. पुन्हा लावली... नुसती हलगीच. तो माझ्याकडं वळला. "स्टुडिओत हलगी नव्हती दादा. बिलकुल न्हाई."

"बंद कर," आबा म्हणाले. मग खाली बघत, "मी जाळली तिला. बराबर केलं. पन आत्ता ऐकताना गोड वाटलं रे... ह्याचीच लाज वाटती."

माझा पाय ठेका धरून होता. तो मी हातानं दाबून धरला.

बँडमधल्या बाकीच्यांकडं याच रेकॉर्डच्या प्रती होत्या, त्यांवर हलगी नव्हती. मिलिंदनं सगळ्या लावून पाहिल्या.

पुढं आबा वारले. बुद्धवंदना झाली, वाजवलं काहीच नाही. तशीच त्यांची इच्छा होती. काही दिवसांनी मी दार लावून तीच रेकॉर्ड लावली. गिटार, ड्रम... हलगी नाही. मी सुई मागं नेत राहिलो, नेत राहिलो. ती आली कुठून, गेली कुठं, मला आजही सांगता येत नाही. मी रडलो, पण भीतीनं नाही. आबांनी ज्यातून आम्हाला सोडवलं, तेच मी त्या रेकॉर्डवर शोधत बसलो होतो.